एक पातेले, दोन मागण्या

हिंजवडीच्या आयटी पार्कमधली बरीच मुले मेसचा डबा लावतात. अशी एक मेस कल्पून पाहा, जिथे आमटीचे पातेले एकच आणि नियमही एकच: कोणी मागेल ते घालायचे. एकाने लसूण मागितला. दुसऱ्याला लसूण चालत नाही. पण मागितल्याशिवाय तो पडत नाही हे माहीत असल्याने तो काहीच बोलला नाही. रात्री दोघांच्याही डब्यात लसूण. मेसवाल्या काकूंनी नियम मोडलेला नाही, पहिल्याला तर दुसरा कोण हेही ठाऊक नाही.

आज कोणताही प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकटा कोणी लिहीत नाही. इतरांनी लिहिलेल्या लायब्ऱ्या घेतल्या जातात, त्या आणखी दुसऱ्यांच्या लायब्ऱ्या घेतात. 2015 मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या रस्ट या भाषेत ही जुळवाजुळव ‘कार्गो’ नावाचे साधन करते. लायब्ररीला ऐच्छिक सोयी असतात, त्यांना ‘फीचर’ म्हणतात. अ आणि ब या दोघांनाही क हवी असेल आणि त्यांच्या मागण्या वेगळ्या असतील, तर कार्गो सहसा क एकदाच बांधते, आणि तीत दोघांच्या मागण्यांची बेरीज असते. दोन वेगळ्या प्रती का नाहीत? प्रोग्रॅम फुगतो हे एक. पण खरी अडचण अशी की एका प्रतीत तयार झालेली वस्तू दुसरी प्रत आपली मानत नाही, म्हणून अ आणि ब यांच्यातली देवघेवच थांबते.

त्यामुळे कार्गोचा संकेत असा, की फीचरने फक्त भर घालावी. आधीचे काही काढू वा बदलू नये. संकेत चांगला आहे, पण तो पाळला जातोच असे नाही. जेसॉन मजकूर हाताळणारी ‘सर्डी-जेसॉन’ ही अतिशय लोकप्रिय लायब्ररी घ्या. एरवी ती नोंदींची नावे वर्णक्रमाने ठेवते. ‘प्रिझर्व्ह ऑर्डर’ हे फीचर लावले की त्या ज्या क्रमाने भरल्या त्याच क्रमाने राहतात. ही भर नव्हे, वागणुकीतला बदल आहे. ओळखीतल्या एका तरुण अभियंतीने मला असेच एक प्रकरण दाखवले होते. तिचा प्रोग्रॅम त्या मजकुरावरून डिजिटल सही काढत असे. एकटा बांधला की सही जुळायची. शेजारच्या प्रोग्रॅमसोबत एकत्र बांधला की नाही. तिच्या कोडमधले एक अक्षरही बदललेले नव्हते. शेजाऱ्याने ते फीचर मागितले होते, एवढेच. दोन दिवस तिच्यावरच ठपका होता.

गाड्यांच्या पट्ट्यात याला आणखी धार येते. चाकणच्या कारखान्यांतून निघणाऱ्या गाडीतल्या लहान चिपवर अनेकदा पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम नसते. तिथे रस्ट वापरायचे तर प्रमाण लायब्ररीवाचून, म्हणजे ‘एसटीडी’ हे फीचर बंद ठेवून बांधावे लागते. पूर्वी बांधणीपुरते लॅपटॉपवर चालणारे एखादे मदतनीस साधन तेच फीचर मागायचे, आणि चिपसाठीच्या प्रतीतही ते चालू व्हायचे; बांधणी तिथेच कोसळायची. मार्च 2021 मधल्या 1.51 आवृत्तीत नवा ‘रिझॉल्व्हर’ आला आणि लॅपटॉपच्या मागण्या चिपच्या मागण्यांपासून वेगळ्या झाल्या. मात्र चिपवरच जाणाऱ्या दोन लायब्ऱ्यांचे भांडण तसेच राहते.

काही लेखक परस्परविरोधी फीचर एकत्र आली की बांधणीच थांबवणारी सूचना लिहून ठेवतात. मला ते प्रामाणिक वाटते, पण अ आणि ब यांचे लेखक तिऱ्हाईत असतील तर मधल्या माणसाने करायचे काय? डेबियन लिनक्सने आपल्यापुरता जुना मार्ग धरला आहे: ‘कर्ल’ वापरून प्रोग्रॅम बांधण्यासाठी लागणारे साहित्य ओपनएसएसएलसाठी वेगळ्या पॅकेजात आणि ग्नूटीएलएससाठी वेगळ्या पॅकेजात मिळते, व ती दोन एकत्र बसवता येत नाहीत. गैरसोय आहे, पण नकार तोंडावर मिळतो.

कार्गोत तो मिळत नसेल, तर ‘कार्गो ट्री’ या आज्ञेला फीचरांसह उलटे झाड काढायला सांगावे. लसूण कोणी मागितला, ते त्यात नावानिशी दिसते.