गाळ तुमचा, डिझेल सरकारचे

राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये निसर्गाचे रक्षण हे नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे. ही भर १९७६ची. पण कलम वाचून कोणी तलावावर जात नाही. बुलढाणा जिल्ह्यात लोक गेले, ते गाळासाठी.

राज्य सरकारने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. २०१८ मध्ये बुलढाण्यात भारतीय जैन संघटनेने जेसीबी-पोकलेन दिले, डिझेलचा खर्च सरकारने उचलला आणि गाळ शेतकऱ्याने स्वखर्चाने वाहून न्यायचा, अशी वाटणी ठरली. खरी मेख या शेवटच्या अटीत आहे. ट्रॅक्टरचे भाडे स्वतःच्या खिशातून गेले की माणूस गाळ कुठून उचलायचा, किती उचलायचा, हे स्वतः बघतो. मे महिन्यात कोरड्या तलावात ट्रॉल्यांची रांग लागते. काळी ढेकळे मुरमाड रानात पसरली जातात. पाऊस पडला की तलावात पाणी जास्त साठते, आणि रानाचा पोत सुधारल्याने खतही कमी लागते. (वाळूला मात्र हात लावायचा नाही, तशी सक्त मनाई आहे.) पुढे महामार्गाच्या भरावासाठी तलावांतलीच माती वापरली गेली आणि ‘बुलढाणा पॅटर्न’ हे नाव देशभर झाले.

जनजागृतीच्या फलकांपेक्षा असा रोखठोक व्यवहार मला जास्त भरवशाचा वाटतो. अर्थात, पाणलोटात बांधबंदिस्ती आणि झाडे नसतील तर तलाव पुन्हा गाळाने भरणारच. तुमच्या गावचा तलाव उथळ झाला असेल, तर उन्हाळ्याची वाट न पाहता ग्रामपंचायतीत विषय काढा.