वसईचा नाताळ २५ डिसेंबरला संपत नाही

पंचवीस तारीख उलटली की बाजारातला नाताळ उतरतो. वसईच्या धर्मग्रामांत, म्हणजे पॅरिशमध्ये, मात्र तो जानेवारीतही चालू असतो. चर्चच्या पंचांगात नाताळ सण सलग आठ दिवसांचा, आणि नाताळकाळ त्याहून लांब: ६ जानेवारीचा तीन राजांचा सण ओलांडून येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत.

मला यातली सर्वांत सुंदर वाटते ती ३१ डिसेंबरची कृतज्ञता प्रार्थना. सरत्या वर्षात घरात पाळणा हलला असेल, कुणी कायमचं निघून गेलं असेल, सगळ्यासकट देवाचे आभार! 'ते देउम' हे प्राचीन स्तोत्र कॅथलिक चर्च त्या संध्याकाळी म्हणतं. ते सुखाच्या वर्षी म्हणायचं तसंच दुःखाच्या वर्षीही, म्हणून ते मला फार मोलाचं वाटतं.

लगेच १ जानेवारीला देवमाता मरियेचा सण. १९६८पासून हाच चर्चचा जागतिक शांतिदिनही. कॅथलिक चर्चचं २०२५चं ज्युबिली वर्ष 'आशेचे यात्रेकरू' या विषयाला वाहिलेलं होतं. तेही नाताळकाळातच, तीन राजांच्या सणाला, ६ जानेवारी २०२६ला रोममध्ये संपलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वसई परिसरातल्या पापडी, निर्मळ, नंदाखालकडे या. नाताळची गर्दी ओसरल्यावर येशूजन्माचे गोठे निवांत पाहता येतात.