साखरेची फोड

दिवाळीच्या फराळाचे डबे पुरते रिकामे होण्याच्या आतच पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, आष्टी या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील वाड्यावस्त्यांवरची दारे एकामागून एक कुलपे घालून बंद होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्याकरिता नवराबायकोची जोडी, जिला ऊसतोडीच्या हिशेबात ‘एक कोयता’ एवढीच ओळख आहे, पिठाचे डबे, भांडीकुंडी, गोधड्या आणि कोंबड्यांची डालगी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रचून कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे किंवा कर्नाटकाच्या हद्दीत रवाना होते. आणि म्हाताऱ्या माणसांपाशी मागे ठेवता येईल एवढे ज्याचे वय नाही असे लेकरूही त्याच सामानाच्या ढिगावर आईच्या मांडीत बसून निघते. पुढे पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपून कारखान्याचे धुराडे थंड होईपर्यंतचे पाच-सहा महिने, बांबूच्या तट्ट्यांची आणि पाचटाची एक कोपी हेच त्या लेकराचे घर असते.

पहाटेच्या अंधारात तोड सुरू होते. फडाच्या कडेला दोन मेढींना लुगड्याची झोळी बांधलेली असते आणि झोळीला झोका देण्याचे काम चार-पाच वर्षांच्या बहिणीकडे असते. मूल रडू लागले की तिच्या हाताशी जे असेल ते त्याच्या तोंडात जाते: चहात बुडवलेले बिस्किट, गुळाचा खडा, उसाचे सोललेले कांडे. पाणी जवळच्या कालव्याचे किंवा पाटाचे. मग एखाद्या रात्री त्या मुलाला ताप येऊन जुलाब सुरू होतात, चार दिवसांनी ताप उतरतो, परंतु जुलाब थांबत नाहीत. शी पाण्यासारखी, फेसाळ आणि आंबूस वासाची होते, पोट ढोलासारखे फुगून गुरगुरू लागते, आणि बसण्याच्या जागेची कातडी भाजल्यासारखी लाल होते. “लेकराला दूध बाधलं,” असा निर्वाळा शेजारच्या कोपीतली म्हातारी देते, आणि त्या दिवसापासून दूध बंद होते. म्हातारीचे निदान अर्धे बरोबर आहे. जे अर्धे चूक आहे, त्यापायी मुले खंगतात, म्हणून ते सविस्तर सांगितले पाहिजे.

शंभर किलो उसातून साधारण दहा-अकरा किलो साखर निघते. ती उसातून वेगळी करणे हे कारखान्याचे काम. परंतु ती शरीराच्या उपयोगी पडावी यासाठी आणखी एक काम शिल्लक राहते आणि ते मनुष्याच्या लहान आतड्यात होते. साखरेचा प्रत्येक रेणू म्हणजे दोन छोट्या शर्करांची जोडी असते: एक द्राक्षशर्करा, अर्थात ग्लुकोज, आणि दुसरी फलशर्करा, अर्थात फ्रुक्टोज. दुधातील शर्करा, जिला लॅक्टोज म्हणतात, तीही अशीच ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची जोडी आहे. आतड्याच्या अस्तराचा नियम असा की तेथून रक्तात प्रवेश एकेकट्या शर्करेलाच मिळतो; जोडीने आलेल्याला मिळत नाही. म्हणून त्या अस्तराच्या अगदी काठावर ही जोडी फोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, बसवलेली असतात. दुधाची शर्करा फोडणारे ते लॅक्टेज. उसाची साखर फोडणारे ते सुक्रेज. हे सुक्रेज आयसोमाल्टेज नावाच्या जोडीदाराबरोबर एकाच लांब साखळीच्या रूपाने तयार होते, स्वादुपिंडाच्या रसातील ट्रिप्सिन त्या साखळीचे दोन भाग करते, आणि तरीही ते दोन्ही भाग परस्परांना बिलगूनच राहतात. भाकरीतल्या पिठूळ पदार्थाचे जे तुकडे पचनाच्या ओघात उरतात, त्यांची अखेरची फोड करण्यातही या जोडगोळीचा मोठा वाटा असतो. म्हणजे तिच्यावाचून साखरच नव्हे तर ज्वारीची भाकरीसुद्धा पुरती पचत नाही.

विकरे काम कोणत्या वेगाने करतात याचे जे मूलभूत समीकरण आज जगातला प्रत्येक जीवरसायनाचा विद्यार्थी शिकतो, ते लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन या दोघांनी १९१३ साली बर्लिनमध्ये मांडले, आणि त्यासाठी त्यांनी जी प्रक्रिया निवडली ती हीच, उसाच्या साखरेची फोड. विकर मात्र यीस्टमधले होते. ज्यांच्या कोयत्याने ती साखर जन्मास येते त्यांच्या मुलांच्या आतड्यात तीच प्रक्रिया अडून बसावी, याचे मला फार वाईट वाटते.

आतड्याचे अस्तर सपाट नसते. त्यावर मखमलीच्या लवेसारखे अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे असंख्य अंकुर उभे असतात. अंकुरांच्या बुडाशी असलेल्या खाचांत नव्या पेशी जन्म घेतात, एखाद्या सरकत्या जिन्यावरून चढावे तशा त्या अंकुराच्या टोकाकडे सरकतात, वाटेत प्रौढ होऊन विकरे धारण करतात, आणि तीन ते पाच दिवसांत टोकाशी पोचून गळून पडतात. म्हणजे आठवडाभरात आतड्याचे अस्तर नवे होते. ही व्यवस्था ध्यानात घेतली की जुलाबाचे पुष्कळसे कोडे आपोआप उलगडते. रोटाव्हायरस नावाचा विषाणू नेमका या टोकाकडच्या प्रौढ पेशींवर घाला घालतो. त्या झडून जातात, त्यांच्या जागी घाईघाईने आलेल्या कोवळ्या पेशींपाशी फोडण्याचे साधन पुरेसे नसते, आणि सर्वांत आधी खालावणारे व सर्वांत शेवटी पूर्वपदावर येणारे विकर म्हणजे लॅक्टेज. अशा स्थितीत पोटात गेलेली दुधाची शर्करा न फुटता पुढे सरकते, आपल्या भोवती पाणी ओढून घेते, मोठ्या आतड्यात पोचते, आणि तेथील जिवाणू तिला आंबवून आम्ल आणि वायू उत्पन्न करतात. फेस, आंबूस वास, गुरगुर आणि भाजल्यासारखी कातडी या चारही गोष्टींची उपपत्ती त्या आंबण्यात आहे. त्या वायूंपैकी हायड्रोजन रक्तावाटे फुप्फुसांत जाऊन श्वासातून बाहेर पडतो, म्हणून मोठ्या रुग्णालयांत मुलाच्या उच्छ्वासातील हायड्रोजन मोजून हे निदान करतात.

म्हणजे म्हातारी म्हणते तसे दूध बाधले हे खरे. पण ते दुधाच्या दोषामुळे नव्हे, तर आधी झालेल्या जंतुसंसर्गामुळे, आणि तेही काही दिवसांपुरते. अंकुर पुन्हा उभे राहिले की लॅक्टेज परत येते. परंतु अंकुर उभे राहायला अन्न लागते, आणि नेमके तेच आपण बंद करतो! उपाशी मुलाच्या आतड्याचे अस्तर पातळ होत जाते, पातळ अस्तरात विकरे कमी, विकरे कमी म्हणून पुन्हा जुलाब, आणि जुलाब म्हणून पुन्हा उपास. हा फेरा दोन-तीन वेळा फिरला की ज्या मुलाने दिवाळीत घर सोडले ते गुढीपाडव्याला ओळखू येत नाही. म्हणून जुलाबाच्या काळात आईचे दूध एक दिवसही तोडू नये, हा आजच्या वैद्यकाचा ठाम सल्ला आहे, मग त्या दुधात शर्करा असली तरीही. वरचे दूध पिणाऱ्या मोठ्या मुलाचे जुलाब १४ दिवसांहून अधिक लांबले, तर दूध भाताच्या पेजेत किंवा लापशीत मिसळून थोडे थोडे द्यावे, किंवा दुधाऐवजी दही द्यावे. दह्यातील जिवाणूंनी शर्करेचा काही भाग आधीच खाल्लेला असतो आणि त्यांच्यापाशी ती फोडणारे स्वतःचे विकरही असते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीच्या विकारावर ताकाची एवढी प्रशंसा केलेली आहे, आणि आपल्याकडे आजारातून उठलेल्याला ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील देण्याची रीत आहे; प्रयोगशाळा नसतानाही पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाने हाती आलेले हे शहाणपण कोपीतल्या चुलीवरही सहज रांधता येण्याजोगे आहे.

मोठ्या माणसांना दूध न पचणे हा याहून निराळा विषय आहे, आणि दोहोंची गल्लत होऊ नये. जगातील बहुसंख्य माणसांमध्ये बालपण सरल्यावर लॅक्टेज निसर्गतःच ओसरते. तो रोग नव्हे. ज्यांच्यात ते आयुष्यभर टिकते त्यांच्या आनुवंशिक द्रव्यातील एक बारीकसा बदल फिनलंडमधील संशोधकांनी २००२ साली दाखवून दिला, आणि पुढे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातही तोच बदल आढळला. वायव्येकडे अधिक, आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे जावे तसा कमी. तेव्हा आपल्याकडच्या एखाद्या बापाला पेलाभर दुधाने पोट फुगते म्हणून त्याच्या दोन वर्षांच्या पोराचे दूध तोडावे, याला काही आधार नाही.

उरले ते जन्मजात वैगुण्य. लॅक्टेज जन्मतःच नसणे अतिशय दुर्मीळ. त्यातल्या त्यात फिनलंडमध्ये ते अधिक आढळते, आणि अशा अर्भकाला पहिल्याच दिवसांपासून आईच्या दुधानेही जुलाब होतात. सुक्रेज-आयसोमाल्टेज जन्मतः नसण्याची गोष्ट अधिक फसवी आहे. वायर्स आणि त्यांच्या डच सहकाऱ्यांनी १९६० साली या विकाराचे वर्णन प्रथम केले. ग्रीनलंडच्या मूळ रहिवाशांत तो बराच आढळतो, इतरत्र विरळा. असे मूल आईच्या दुधावर छान वाढते, कारण त्या दुधात उसाची साखर नसते. गुळपाणी, साखरेचा चहा, बिस्किट किंवा फळांचा रस सुरू झाला की मात्र जुलाब लागतात. फसगत तपासणीतही होते. शौचातील शर्करा ओळखण्याची जी साधी रासायनिक चाचणी आहे ती दुधाची शर्करा लगेच दाखवते, परंतु उसाची साखर त्या द्रावणाशी मुळी प्रतिक्रियाच करीत नाही. तिला आधी आम्लात उकळून फोडावे लागते, तेव्हाच ती सापडते. हे न करता ‘शर्करा नाही’ असा दाखला दिला गेला, तर मूल वर्षानुवर्षे चुकीच्या औषधांवर राहते. यीस्टपासून काढलेले विकर आज परदेशात औषध म्हणून मिळते. पण आपल्या मुलांसाठी मुख्य उपाय आहारातून साखर काढणे हाच आहे, आणि त्यासाठी लागते ते एवढेच की वैद्याने आईला शांतपणे विचारावे: हे पहिल्यांदा केव्हा सुरू झाले, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात बाळाच्या तोंडात नवे काय गेले? अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७०च्या दशकापासून उभे आहे. तेथून शिकून खेड्यांत गेलेल्या डॉक्टरांना या प्रश्नाचे मोल मी सांगायला नको.

कारण कोणतेही असो, जुलाबात प्राण जातो तो पाणी आणि क्षार निघून गेल्याने. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि मिठातील सोडियम हे एकाच दाराने जोडीने आत शिरतात व आपल्यामागे पाणी ओढून नेतात; अंकुर झडलेल्या आतड्यातही हे दार बहुधा पुरते बंद होत नाही. याच आधारावर १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून पटकीच्या रुग्णांचे प्राण वाचवले. गावच्या आशा स्वयंसेविकेच्या, म्हणजे आशाताईंच्या, पिशवीतील जलसंजीवनीच्या पुडीत हेच शास्त्र बांधलेले असते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, लहान चहाच्या चमच्याने मोजून. साखर मायेपोटी अधिक घालू नये, कारण अधिकची साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढवते. जोडीला जस्ताच्या गोळ्या १४ दिवस, जुलाब मधेच थांबले तरी.

मुळात फडावर स्वच्छ पाणी आणि कोप्यांपाशी संडास असते, तर या लेखातले निम्मे लिहावे लागले नसते. ज्या कारखान्याच्या दारात टनावारी ऊस तोलला जातो त्याच्याच हद्दीत पिण्याच्या पाण्याचा बंदोबस्त होऊ नये, ही गोष्ट मला कोणत्याही हिशेबाने समर्थनीय वाटत नाही. रोटाव्हायरसची लस महाराष्ट्राच्या नियमित लसीकरणात २०१९ साली आली. तोंडावाटे द्यायचे थेंब, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. आता दसऱ्याच्या सुमारास धारूरच्या डोंगरात जन्मलेले मूल घ्या. त्याचा सहावा आठवडा कार्तिकात येतो, दहावा मार्गशीर्षात आणि चौदावा संक्रांतीच्या आसपास. तिन्ही वेळा ते गावात नसते, अंगणवाडीच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढची तिन्ही घरे कोरी राहतात. ते थेंब कारखान्याजवळच्या कोणत्याही सरकारी लसीकरणाच्या दिवशी, कोणत्याही जिल्ह्यात, फुकट मिळतात. त्यासाठी ट्रॉली भरताना पिठाच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, त्या मुलाचे लसीकरणाचे कार्ड टाकायला हवे, आणि टोळी उतरेल त्या गावच्या आशाताईला कोप्यांत लहान मुले किती आहेत हे मुकादमाने पहिल्याच आठवड्यात कळवायला हवे.