आम्हाला कुठे गाता येतं?

मोझार्ट आणि पाळणा यांची गाठ पडली १९९३ साली, आणि ज्या प्रयोगामुळे पडली त्यात एकही बाळ नव्हतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या शाखेत फ्रान्सेस राउशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना मोझार्टचा दोन पियानोंसाठीचा एक सोनाटा दहा मिनिटं ऐकवला. दुसऱ्या वेळी शांत पडून राहण्याच्या सूचनांची टेप लावली, तिसऱ्या वेळी काहीच नाही. दर वेळी नंतर कोडी घातली. घडी घातलेला कागद अमुक जागी कापला तर उलगडल्यावर कसा दिसेल, या धर्तीची. मोझार्टनंतरचे गुण बुद्ध्यांकाच्या हिशोबात आठ-नऊने जास्त भरले आणि दहा-पंधरा मिनिटांत तो फरक ओसरलाही. ‘नेचर’मध्ये एका पानाचं टिपण छापून आलं. बाळाची बुद्धी वाढते, असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं.

पुढचं काम वर्तमानपत्रांनी आणि बाजाराने केलं. १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी शास्त्रीय संगीताची भेट जावी म्हणून १ लाख ५ हजार डॉलर मागितले आणि आमदारांना सभागृहात बीथोव्हेन ऐकवला. ‘बेबी आइनस्टाइन’च्या व्हिडिओंचा धंदाही याच काळातला. तो पुढे डिस्नेने विकत घेतला आणि शिकवण्याच्या दाव्यांवर टीका वाढल्यावर २००९ मध्ये पालकांना पैसे परत देऊ केले. आपल्याकडे हा माल सीडीच्या दुकानांतून आणि आता यूट्यूबवरून आला. मोझार्टच्या जागी कुठे बासरी बसली, कुठे वीणा, कुठे मंत्र. दावा मात्र तोच राहिला.

मूळ प्रयोगाचं काय झालं? इतरांनी तो करून पाहिला तेव्हा फरक लहान होत गेला किंवा दिसलाच नाही. २०१० मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी सुमारे ४० अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा मोझार्टचं म्हणून खास असं काही हाती लागलं नाही. कॅनडातल्या एका प्रयोगात तर संगीताऐवजी स्टीफन किंगची गोष्ट ऐकवली. ज्यांना गोष्ट जास्त आवडली, त्यांचे गुण गोष्टीनंतर जास्त आले. आवडीचं काही कानावर पडलं की माणूस जरा तरतरीत होतो, एवढाच त्याचा अर्थ. तो परिणाम चहानेही साधतो.

मग गाणं शिकल्याने तरी बुद्धी वाढते का? टोरांटोत ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहा वर्षांच्या १४४ मुलांवर वर्षभराचा प्रयोग केला. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. संगीत शिकलेल्यांचा बुद्ध्यांक सरासरी ७ गुणांनी वाढला, न शिकलेल्यांचा ४.३ गुणांनी. फरक होता, पण लहान. २०२० मध्ये अशा ५४ अभ्यासांची, म्हणजे जवळपास ७,००० मुलांची, आकडेमोड झाली. त्यात जे प्रयोग जास्त काटेकोर होते त्यांच्यात हा फरक जवळजवळ पुसला गेला. गणितात चांगले गुण हवे असतील तर गणिताचा सराव करून घ्यावा. गाण्यावर तो भार कशाला?

‘पोटात असल्यापासून ऐकवायला हवं’

यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त पसरतं. साधारण पंचविसाव्या आठवड्यापासून गर्भाचा कान काम करू लागतो. १९८० मध्ये अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांना एक खास चोखणी दिली. एका तऱ्हेने चोखलं की आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या तऱ्हेने परक्या बाईचा. बाळं आईचा आवाज लागेल असं चोखू लागली. हेलसिंकीच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत वारंवार ऐकलेली बालगीताची चाल बाळाचा मेंदू जन्मल्यावर ओळखतो आणि चार महिन्यांनंतरही ती ओळख टिकते.

म्हणजे ओळख होते. त्यापुढची उडी, की अमुक राग ऐकवला तर मूल हुशार, सात्त्विक किंवा गोरंगोमटं होईल, ती विकणाऱ्याची. शिवाय पोटात बाहेरचा आवाज गाळून पोचतो. व्यंजनं पुसट होतात. चढउतार आणि लय तेवढी उरते. सगळ्यांत नीट पोचतो तो आईचाच आवाज, कारण तो तिच्या शरीरातूनही जातो. तिने भाजी निवडताना गुणगुणलेलं बाळापर्यंत जातंच. पोटावर हेडफोन लावून फायदा काही नाही, आणि आवाज मोठा असेल तर त्या जिवाला कूस बदलून तो टाळताही येत नाही.

‘आमच्या घरात कुणाला सूर नाही’

हा सगळ्यांत पक्का गैरसमज, आणि माझ्या मते सगळ्यांत नुकसान करणारा. मराठी घरांत त्याला एक खास कारण आहे: आपला कान तयार आहे. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात बसणारा किंवा ‘लिटिल चॅम्प्स’मधल्या पोरांचे सूर सोफ्यावरून तपासणारा माणूस स्वतः तोंड उघडायला लाजतो. गाणं म्हणजे ऐकायची गोष्ट, करायची ती गवयाने, अशी वाटणी होऊन बसली आहे.

जन्मतःच सूर न कळणारी माणसं असतात. मॉन्ट्रियलच्या इझाबेल पेरेट्झ यांनी त्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि २०१७ मध्ये हजारो लोकांच्या चाचण्यांवरून त्यांचं प्रमाण सुमारे दीड टक्का काढलं. अशा माणसाला ओळखीच्या गाण्याची चाल शब्दांशिवाय ऐकवली तर ओळखता येत नाही. शेजारचे काका आरतीत बेसूर होतात हे तुम्हाला कळत असेल, तर तुम्ही त्या दीड टक्क्यात नाही. कान शाबूत आहे. गळ्याला सवय नाही, इतकंच.

आता बाळाच्या बाजूने पाहू. टोरांटोच्या सँड्रा ट्रीहब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयांकडून एकच गाणं दोनदा गाऊन घेतलं, एकदा बाळ समोर असताना, एकदा नसताना. दोन्ही ध्वनिमुद्रणं ऐकून कोणतं बाळासाठी गायलेलं आहे, हे परक्या माणसांनाही ओळखता आलं. बाळ समोर असलं की आवाजाची पट्टी चढते, लय संथ होते आणि स्वरात हसू उतरतं. पुढे लॉरेल ट्रेनर यांनी हीच तुलना बाळांपुढे ठेवली, तर बाळांचं लक्ष बाळासाठी गायलेल्याकडे जास्त लागलं. वडिलांच्या गाण्यातही हे बदल सापडले. म्हणजे बाळाला कळतं ते हे, की हे गाणं माझ्यासाठी चाललं आहे. तानपुऱ्याशी सूर जुळला की नाही, याची परीक्षा ते घेत नाही.

आपल्याकडे याचा पुरावा प्रयोगशाळेबाहेरही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत लेकराविषयीच्या ओव्यांचा मोठा साठा आहे. त्या रचणाऱ्या, गाणाऱ्या बायका कुठल्याही क्लासला गेलेल्या नव्हत्या. पहाटे दळण उरकायचं होतं, पोर मांडीवर होतं, आणि गळा जसा होता तसा होता.

बाबालोकांसाठी एक व्यावहारिक सूचना. लहान मुलांच्या गळ्याला सोयीची पट्टी पुरुषांच्या पट्टीहून बरीच वर असते. मुलाने सोबत गावं असं वाटत असेल तर जरा वर चढवून किंवा खोट्या आवाजात गा. हसू आलं तर येऊ द्या. तसंही तेवढ्यासाठीच ते पुन्हा म्हणायला लावील.

‘मोबाईलवर लावून दिलं तरी गाणंच ना?’

रेकॉर्डिंगने काहीच होत नाही, असं मुळीच नाही. रडवेलं बाळ ऐकलेल्या गाण्यानेही शांत होतं. पण दोन गोष्टी सारख्या नाहीत. हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात सहा महिन्यांच्या बाळांचे दोन गट केले. एका गटात आईवडील बाळाला घेऊन आठवड्यातून एकदा अंगाई आणि हातवाऱ्यांची गाणी शिकत, म्हणत, ताल धरत. दुसऱ्या गटात मुलं खेळत असताना ‘बेबी आइनस्टाइन’चं संगीत नुसतं वाजत असे. बाळं वर्षाची झाली तेव्हा पहिल्या गटातली बोट दाखवणं, टाटा करणं, नको असलं की मान हलवणं यांत पुढे होती, आणि हसरीही जास्त होती.

कारण शोधायला लांब जायला नको. माणूस गाताना मुलाच्या तोंडाकडे बघत असतो. मूल कंटाळलं की लय वाढवतो, झोपाळलं की आवाज खाली आणतो, हातातलं बोट ओढलं गेलं की थांबतो. पडद्याला यातलं काही करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेला सल्लाही लक्षात असू द्या: दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराच्या वर नको. जेवताना मोबाईल लागतोच, ही अडचण खरी आहे. तिला ‘संगीताचे संस्कार’ म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं.

‘इथे वाढणाऱ्या मुलाला मराठी अंगाई काय कळणार?’

न्यू जर्सीत, मेलबर्नमध्ये आणि आता बंगळुरातही ऐकू येणारा प्रश्न. मॉन्ट्रियलमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना मुद्दाम त्यांच्या कानांना परकं असलेलं एक तुर्की गाणं ऐकवलं. बाळांचा चेहरा रडवेला होईपर्यंतचा वेळ मोजला, तर गाणं ऐकताना तो सरासरी नऊ मिनिटांच्या आसपास भरला, लाडाचं बोलणं ऐकताना चार मिनिटांपेक्षा थोडा जास्त. हार्वर्डच्या संशोधकांनी अनोळखी भाषांतल्या अंगाई आणि इतर गाणी ऐकवून पाहिली. अंगाई ऐकताना बाळांच्या हृदयाचे ठोके संथ झाले. तुर्की चालते तर मराठी का नाही? आणि घरात रोज म्हटलेले शब्द पुढे मुलाला कळू लागतात, हा फायदा वेगळाच.

‘तेच तेच गाणं, आणि तेही बेसूर’

मूल एकच गाणं पुन्हा पुन्हा मागतं तेव्हा त्यात काही बिघडलेलं नसतं. पुढे काय येणार हे माहीत असण्यातच त्याची मजा असते. शेवटचा शब्द गाळून थांबा, ते तो शब्द फेकतंच. तालाची समज तर फार आधी येते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या बुडापेस्टमधल्या प्रयोगात, ठेक्यातली मुख्य मात्रा गाळली की झोपलेल्या नवजात बाळांच्या मेंदूतही दखल उमटत होती. सूर मात्र उशिरा येतो. मुलं गाण्याचे शब्द आधी उचलतात, मग लय, मग चालीचा ढोबळ चढउतार. स्वरांमधली नेमकी अंतरं सगळ्यांत शेवटी, बहुतेक मुलांची शाळेच्या वयात बसू लागतात. तीन वर्षांच्या मुलाला ‘तू बेसूर गातोस’ म्हणणं म्हणजे नुकतीच पावलं टाकू लागलेल्याला चालीवरून बोलणं. घरी आलेल्या पाहुण्यांसमोर गायला लावून वर दुरुस्त्या करणं त्याहून वाईट.

‘मोठ्याने लावलं की मजा येते’

मोठ्यांना येत असेल. कामाच्या जागी आठ तासांसाठी सुरक्षित मानलेली पातळी ८५ डेसिबल आहे, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. टोरांटोत २०१४ मध्ये आवाज करून बाळांना झोपवण्याची १४ यंत्रं तपासली, तेव्हा पूर्ण आवाजात, एका फुटावर, त्यांतली तीन ८५च्याही वर गेली. यंत्र लावायचंच असेल तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावं. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे तान्ह्या मुलाला खांद्यावर घेऊन नाचणारे बाप दर वर्षी दिसतात. ढोल-ताशाही काही सौम्य नसतो. मिरवणूक बघायची तर लांबून, कान झाकून.

‘तीन वर्षांची झाली, क्लास कधी लावायचा?’

या प्रश्नामागे भीती असते, की वय निघून जाईल. तिला एक आधार सापडतो. नुसता स्वर ऐकून तो कोणता हे सांगण्याची दुर्मीळ क्षमता ज्यांच्यात असते, त्यांचं शिक्षण बहुधा सहा-सात वर्षांच्या आत सुरू झालेलं असतं. पण आपल्या संगीताला त्या क्षमतेची गरजच नाही. आपला षड्ज गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे ठरतो. एकाचा काळी एक, दुसरीचा काळी चार. बाकीचे स्वर त्याच्याशी असलेल्या नात्याने ओळखायचे, आणि हे नातं मोठेपणीही शिकता येतं.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा अभ्यासक्रम चांगला आहे, पण तो नोटेशन वाचू शकणाऱ्या, अर्धा तास एका जागी बसू शकणाऱ्या मुलांसाठी. तीन-चार वर्षांच्या मुलाला क्लास लावायचाच असेल तर जिथे मुलं उठून नाचतात, डबे वाजवतात आणि आईबाबांनाही आत बसू देतात असा बघावा. पेटीसमोर मांडी घालून अलंकार घोकायचे असतील तर अजून दोन-तीन वर्षं थांबायला हरकत नाही. तोवर अंघोळीच्या वेळची गाणी, गाडीतली गाणी, सिग्नलला थांबल्यावर मागच्या सीटवरून येणाऱ्या फर्माइशी चालू ठेवाव्यात. आणि ‘आई, तू नको गाऊ, मी गाते’ असं ऐकायला मिळालं, तर गप्प बसून ताल धरावा.