जुन्या पासबुकातले पैसे

मंडळी, घरातले वडीलधारे माणूस जाते आणि पुढे कधीतरी ट्रंक उपसताना एखादे मळके पासबुक हाती लागते. "आता कसले पैसे, बुडाले असतील!" म्हणून आपण ते परत ठेवून देतो. पण ते बुडालेले नसतात, बरं का!

खात्यावर दहा वर्षे देवघेव झाली नाही, की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत भरते. ही व्यवस्था २०१४ पासूनची. तरी खातेदाराचा वा वारसाचा हक्क जात नाही. मागणी मात्र आपल्या बँकेच्या शाखेतच करायची. निधीतून रक्कम परत मिळवणे हे बँकेचे काम.

पासबुकच नसेल तर? २०२३ साली रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' हे संकेतस्थळ उघडले. तेथे शोध फुकट घेता येतो. "सोडवून देतो, आधी अमुक भरा" म्हणणाऱ्याला दारात उभे करू नका. गुरुजींनी येथे गावाला हात द्यावा, कारण खरी गोम इंग्रजी स्पेलिंगात आहे. विठ्ठलरावांच्या नावात कारकुनाने 'टी' एक घातला की दोन, कोण सांगणार? सगळी रूपे घालून पाहावीत. पासबुक देना बँकेचे निघाले, तर ती २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, तिकडे जावे. पोस्टातले पैसे नि पतसंस्थेतली ठेव मात्र 'उद्गम'वर सापडत नाही. ती चौकशी त्या त्या कचेरीतच.

शाखेत जाताना मृत्यूचा दाखला आणि स्वतःची ओळखपत्रे न्यावीत. नामनिर्देशन केलेले नसेल, तर बहिणींसकट सगळ्या वारसांच्या सह्या लागतील.