'ध'चा 'मा' : एका आज्ञेचे व्याकरण

शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला. 'धरावे' या आज्ञेतील 'ध'चा 'मा' आनंदीबाईंनी केला, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. तिची सत्यासत्यता इतिहाससंशोधकांवर सोपवून येथे केवळ तिच्या व्याकरणाचा विचार करू.

'नारायणरावास धरावे' हा भावे प्रयोग होय. आज्ञा कोणाची आणि ती पाळावयाची कोणी, यांपैकी काहीच त्यात उच्चारावे लागत नाही. 'धर'च्या जागी 'मार' हा धातू आला तरी '-स' व '-आवे' हे प्रत्यय जागच्या जागी राहतात. वाक्य कोठेही अडत नाही. मन वळविण्याचे काम 'धरावे'पाशीच पुरे होते. 'मारावे'ला निराळी संमती कोण विचारतो? राघोबादादांची प्रतिष्ठा या कर्तृलोपावरच विसंबून होती.

शेक्सपिअरचा ब्रूटस सीझरवर स्वतः वार करतो आणि तसे रोमच्या लोकांपुढे सांगतो. तेथे विश्वासघातालाही कर्ता आहे. याच वधाशी निगडित अशा खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'ची (१९०९) चर्चा बहुधा आनंदीबाईंभोवती फिरते. आम्हांस रामशास्त्री अधिक महत्त्वाचे वाटतात. देहान्त प्रायश्चित्त सांगताना त्यांनी आज्ञेतील गाळलेला कर्ता राघोबादादांच्या तोंडावर उच्चारला.