शाळेच्या सभागृहात फुगणारं आकाश

टेम्पोतून उतरतात दोन माणसं, एक कापडी गाठोडं, एक मोठा पंखा, प्रोजेक्टर आणि लॅपटॉप. सभागृहाच्या फरशीवर गाठोडं पसरायचं, पंख्याचं तोंड त्याच्या नळीत घालायचं आणि बटण दाबायचं. थोड्याच वेळात पाच-सहा मीटर व्यासाचा घुमट उभा राहतो. आत सतरंज्या अंथरायच्या, मुलांनी वाकून शिरायचं आणि पाठीवर पडायचं. साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाला, पांझरेकाठच्या पिंपळनेरसारख्या गावात अवकाश प्रवासाचा ॲनिमेशनपट सर्वात मोठा दिसतो तो या फिरत्या तारांगणात. अशा गावांसाठी याच्याइतकं उपयोगी दृश्य-साधन दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे.

मूळ यंत्र शंभर वर्षांचं आहे. जर्मनीत झाइस कंपनीच्या वाल्थर बाउअर्सफेल्ड यांनी घडवलेला तारा-प्रक्षेपक 1923 साली पहिल्यांदा म्युनिकमध्ये लोकांना दाखवला गेला. आपल्याकडे पुण्याच्या टिळक रस्त्यावर न्यू इंग्लिश स्कूलमध्ये 1954 साली कुसुमबाई मोतीचंद तारांगण सुरू झालं. देशातलं ते पहिलं. मुंबईत वरळीचं नेहरू तारांगण 1977 मध्ये उघडलं. नाशिकलाही यशवंतराव चव्हाण तारांगण आहे, पण तेही पिंपळनेरहून शंभर किलोमीटरच्या पलीकडे. चरणमाळ घाटाकडच्या पाड्यांवरून आश्रमशाळेत आलेल्या मुलांना तिकडे न्यायचं तर एसटीचा खर्च, जेवण, मुक्काम, सगळंच आलं.

ही अडचण अमेरिकेत फिलिप सॅडलर या शिक्षकाने सोडवली. 1977 साली त्यांनी हवेने फुगणारं, शाळेत नेता येणारं तारांगण तयार केलं. पुढे डिजिटल प्रोजेक्टर आले, पण त्यांना लागणारी माशाच्या डोळ्यासारखी रुंद भिंगं फार महाग होती. तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या पॉल बोर्क यांनी वेगळी वाट काढली. घाटाच्या वळणावर लावतात तसा बहिर्गोल आरसा घुमटाच्या कडेला ठेवायचा, साध्या प्रोजेक्टरचा झोत त्यावर सोडायचा आणि संगणकाने चित्र आधीच असं वाकवून ठेवायचं की आरशावरून परतताना ते घुमटावर सरळ बसेल. ही युक्ती स्वस्त होती, म्हणूनच छोट्या घुमटवाल्यांच्या आवाक्यात आली.

घुमटासाठी ॲनिमेशनपट करणं ही मात्र वेगळीच कारागिरी आहे. पडद्यावरच्या चित्राला चौकट असते आणि कुठे बघायचं ते ती ठरवते. इथे चौकटच नाही. चित्र डोक्यावर, पाठीमागे, कानांच्या बाजूला, सगळीकडे असतं. म्हणून प्रत्येक चित्र गोल काढतात. चांगल्या प्रतीचं म्हणजे चार हजार ठिपके रुंद आणि तितकंच उंच. सेकंदाला तीस चित्रं धरली तर पंचवीस मिनिटांच्या पटाला पंचेचाळीस हजार चित्रं होतात. यात झटपट दृश्यं बदलता येत नाहीत, कारण अख्खं जगच बदलल्यासारखं वाटून मुलांना गरगरतं. यान हळू वळवावं लागतं. दिग्दर्शक आवाजाने आणि उजेडाने मान वळवायला लावतो. उजेडही जपून वापरायचा, कारण सूर्य फार झगझगीत दाखवला तर त्याचा प्रकाश समोरच्या कापडावरून उलटतो आणि तिथले तारे पुसले जातात. नेदरलंड्सच्या मिराज थ्रीडीचा 'डॉन ऑफ द स्पेस एज' हा स्पुटनिकपासून चंद्रावरच्या पावलापर्यंतची गोष्ट सांगणारा पट या शिस्तीचा चांगला नमुना आहे. उलट, रुळांवरून भरधाव गाडी सोडून मुलांना किंचाळायला लावणारे पट काही घुमटवाले दाखवतात. त्यांना माझा विरोध आहे. एवढी वीज, एवढी खटपट करून मुलांच्या हाती नुसती घेरी का द्यायची?

या पटांमध्ये दोन उणिवा मला सलतात. पहिली आकाशाची. बरेचसे पट युरोप-अमेरिकेतले. जर्मनीतल्या येनामधून ध्रुवतारा क्षितिजापासून एक्कावन्न अंश वर दिसतो. पिंपळनेरहून तो जेमतेम एकवीस अंशांवर, डोंगराच्या जरा वर. अगस्ती येनाच्या आकाशात कधी उगवतच नाही; आपल्याकडे माघात रात्री नऊच्या सुमारास तो दक्षिणेला सेलबारी-डोलबारीच्या रांगेच्या अंगाला ठळक दिसतो. घुमटवाल्याने लॅपटॉपवर अक्षांश बदलून पटाआधी दहा मिनिटं इथलं आकाश दाखवलं, तर ही उणीव तिथेच भरून निघते. त्यासाठी लागणारी स्टेलॅरियमसारखी प्रणाली फुकट मिळते.

दुसरी उणीव आवाजाची. इंग्रजी निवेदन, किंवा फार तर हिंदी. घरी अहिराणी, कोकणी किंवा भिली बोलणाऱ्या चौथीच्या मुलाला त्यातलं किती पोचणार? सप्तर्षींना म्हातारीची बाज आणि तिच्यामागचे तीन चोर म्हणणारी माणसं आपल्या गावांत आहेत. ती गोष्ट त्या घुमटाखाली सांगायला कोणताही परवाना लागत नाही. आणि गोष्टी तरी परक्याच का? 21 नोव्हेंबर 1963 रोजी केरळातल्या तुंब्याहून आपलं पहिलं अग्निबाण उड्डाण झालं. ती जागा विक्रम साराभाईंबरोबर शोधणारे एकनाथ चिटणीस मराठी; घन इंधनाचं काम उभं करणारे वसंत गोवारीकरही मराठी. सायकलवरून नेलेले अग्निबाणाचे भाग, चर्चच्या इमारतीतलं कार्यालय: ॲनिमेशनला याहून सुंदर चित्रं कुठे मिळतील? तिथून 23 ऑगस्ट 2023 ला चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलेल्या विक्रम यानापर्यंतचा मराठी घुमटपट कुणीतरी करायलाच हवा.

तोवर हातात जे आहे ते पुष्कळ आहे. युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीने 2015 साली काढलेला 'फ्रॉम अर्थ टू द युनिव्हर्स' हा अर्ध्या तासाचा घुमटपट कुणालाही मोफत उतरवून घेता येतो. मराठी निवेदन लिहायला शाळेतला एक विज्ञान शिक्षक आणि वाचायला स्वच्छ आवाजाची एक मुलगी पुरे.

खानदेशातल्या मुख्याध्यापकांना आणि आश्रमशाळांच्या अधीक्षकांना माझी विनंती आहे. घुमट उन्हाळ्यात बोलावू नका, कापडाखाली जीव गुदमरतो. मार्गशीर्ष ते माघ या काळात, अमावास्येच्या आसपासची तारीख घ्या. शेवटचा खेळ संध्याकाळी सातला ठेवा, पालकांनाही बोलवा, आणि तो संपला की मैदानावरचे दिवे अर्धा तास बंद ठेवा.